जयंतीचा कार्यक्रम आणि दुसरीचा वर्ग

आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवता. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, वर्षभर जयंत्या आणि पुण्यतिथ्या येत राहतात, प्रत्येक वेळी प्रतिमापूजन होते, दोन-तीन मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात, खाऊ वाटला जातो आणि आठवड्याने विचारले तर मुलांना त्या व्यक्तीने काय केले हे सांगता येत नाही. त्यातच ३ जानेवारीला एका मुलीने "सावित्रीबाई ही कोणती देवी?" असे विचारले आणि तिला काय उत्तर द्यावे हे आपल्याला सुचले नाही.

प्राथमिक शाळेत शिकवताना आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करताना माझे मत असे बनत गेले की, या वयाच्या मुलांना दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे ती व्यक्ती माणूस होती आणि तिने एक विशिष्ट काम केले. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यानंतरच्या माणसांनी तिची आठवण ठेवायचे ठरवले आणि त्यासाठी कधी पुतळा, कधी एखादा दिवस, कधी रस्त्याचे नाव, कधी पवाडा निवडला. आपल्या कार्यक्रमांत पहिली गोष्ट भाषणाच्या शब्दांत हरवते आणि दुसरी तर कोणी शिकवतच नाही. प्रतिमेला हार घातला की मुलांना ती आपोआप कळली, असे आपण धरून चालतो.

आपल्या वर्गातील त्या मुलीचा तर्क तसा पक्का आहे. घरात हार, अगरबत्ती, निरांजन आणि नारळ हे सगळे देवापुढे असते. शाळेत तेच सगळे एका चित्रापुढे मांडलेले दिसले, तर सहा-सात वर्षांच्या मुलाने ती देवी समजणे स्वाभाविक आहे. मात्र याच मुलांच्या घरी आणखी एक हार असतो, तो भिंतीवरच्या आजोबांच्या किंवा पणजीच्या फोटोला असतो, आणि सुरुवात तिथून करावी असे मी सुचवीन. घरात कोणाचा फोटो लावला आहे, ते काय काम करत, फोटो कोणी लावला आणि त्यांच्यासाठी वर्षातून एखाद्या दिवशी काही केले जाते का, एवढेच मुलांनी घरी विचारून यावे. कोणी पितरांच्या जेवणाचे सांगेल, कोणी कबरीवर फुले वाहिल्याचे, कोणी मेणबत्ती लावल्याचे, आणि आठवण ठेवण्याच्या पद्धती घरोघरी वेगळ्या असतात हे आपण न सांगताच वर्गाला कळेल. ज्या घरात फोटो नाही तिथे आजीचे जाते असेल, आजोबांची काठी किंवा कुदळ असेल, तेही चालते. फक्त ज्या मुलाच्या घरी अलीकडेच कोणी गेले आहे त्याची आधी चौकशी करावी आणि त्याला बोलायचे नसेल तर बोलायला लावू नये.

त्यानंतर त्या मुलीला सरळ उत्तर देता येते. सावित्रीबाई देवी नव्हत्या. त्या तुझ्या आजीसारख्या, आईसारख्या एक बाई होत्या, त्यांनाही भूक लागायची, ताप यायचा. मुलींना कोणी शाळेत घेत नव्हते तेव्हा त्यांनी मुलींना शिकवले, म्हणून आपण त्यांची आठवण ठेवतो आणि हार घालणे ही आपली आठवण ठेवण्याची एक रीत आहे. यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. एखाद्या घरात त्यांची प्रतिमा देव्हाऱ्यात असेल, तर घरच्या रीतीवर वर्गात मत देऊ नये.

आता काळाविषयी. या वयात इसवी सनाचा आकडा मुलांच्या दृष्टीने नुसता आकडा असतो. शिवाजी महाराज, बाबासाहेब आणि स्वतःचे पणजोबा हे सगळे "फार पूर्वी" या एकाच खोलीत राहत होते अशी त्यांची समजूत असते, आणि महाराजांनी सावित्रीबाईंना मदत का केली नाही असा प्रश्न दुसरीच्या वर्गात अगदी गंभीरपणे विचारला जातो. यावर सुतळीचा उपाय चांगला चालतो. एक वीत म्हणजे दहा वर्षे असे ठरवावे. मुलाचे स्वतःचे वय एका वितीतही मावते, आईचे तीन वितींच्या आसपास येते, आजीचे सहा. मग बाबासाहेबांच्या जन्मापर्यंत तेरा-साडेतेरा विती मोजाव्या लागतात, सावित्रीबाईंच्या जन्मापर्यंत सुमारे साडेएकोणीस आणि शिवरायांच्या जन्मापर्यंत जवळजवळ चाळीस. तोपर्यंत सुतळी वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात गेलेली असते. पहिली-दुसरीत सुतळीवर फक्त चित्रे अडकवावीत, सन लिहू नयेत. तिसरी-चौथीत त्याच सुतळीवर १८९१, १८३१, १६३० असे आकडे लिहिता येतात आणि तेव्हा त्या आकड्यांना लांबी आलेली असते. सुतळी वर्षभर भिंतीवर राहू द्यावी. प्रत्येक जयंतीला नवे चित्र कुठे बसते हे मुलांनीच शोधावे.

व्यक्ती शिकवताना एकच काम निवडावे आणि ते नीट सांगावे, एवढा नियम मी पाळतो. सावित्रीबाईंचेच उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये, म्हणजे नऊ वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न जोतीरावांशी झाले. त्या लग्नानंतर शिकल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. हा शेवटचा तपशील मुलांना हमखास लागू पडतो, कारण सतरा वर्षांची ताई कोणाच्या तरी घरी किंवा शेजारी असतेच. "क्रांतिज्योती", "स्त्री-शिक्षणाच्या आद्य प्रणेत्या", "थोर समाजसुधारक" ही विशेषणे बॅनरवर शोभतात, पण दुसरीच्या मुलाच्या मनात त्यांतून कोणतेही चित्र उभे राहत नाही. त्याऐवजी वर्गातील सगळ्या मुलींनी दप्तर उचलून दाराबाहेर जावे आणि दोन मिनिटे बाहेरच थांबावे. आत राहिलेल्या मुलांसमोर आपण फळ्यावर काहीतरी मजेदार लिहावे, त्यांना वाचायला लावावे, आणि मग मुलींना आत बोलवून कसे वाटले ते विचारावे. त्यानंतर सांगावे की त्या काळी जवळजवळ सगळ्या मुली कायमच दाराबाहेर होत्या, आणि एका सतरा वर्षांच्या बाईने आत येण्यासाठी जागा केली. मुलगेही या खेळात पुष्कळ शिकतात. निदान काही जण तरी "पण हे बरोबर नाही" असे आपणहून म्हणतात.

सावित्रीबाई शाळेत जाताना लोकांनी त्यांच्यावर शेण आणि दगड फेकले, म्हणून त्या जादा साडी बरोबर नेत, ही हकिकत मुलांना जरूर सांगावी. तिचे नाट्यीकरण मात्र करू नये. एका मुलीला साडी नेसवून उभे करायचे आणि चार मुलांना तिच्यावर कागदाचे बोळे फेकायला लावायचे, हा प्रकार मी अनेक शाळांच्या कार्यक्रमांत पाहिला आहे. फेकणाऱ्यांना त्यात गंमत वाटते, प्रेक्षक हसतात आणि मधल्यासुट्टीत तोच खेळ मैदानावर पुन्हा सुरू होतो. त्या प्रसंगाचा मुद्दा फेकण्यात नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाळेत गेल्या यात आहे. तेव्हा गोष्ट तिथेच थांबवून "तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी गेला असता का?" असे विचारावे आणि प्रत्येक उत्तर ऐकून घ्यावे, "नाही, मला भीती वाटली असती" हेसुद्धा.

त्यांच्या मृत्यूविषयी बोलायला बरेच शिक्षक कचरतात. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ म्हणजे काय हे करोनाच्या काळातील घरच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. माणूस मरतो हे मुलांना माहीत असते, आणि सावित्रीबाई माणूस होत्या हे त्यांना सर्वांत चांगले इथेच कळते.

याच विषयाला जोडून आपल्या शाळेत एक साधन पडून असते, ते म्हणजे जनरल रजिस्टर, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. शाळा जुनी असेल तर त्यात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी दाखल झाले हे सापडते, आणि त्याआधीची पाने फक्त मुलांच्या नावांनी भरलेली दिसतात. रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये, त्यातील जात-जन्माच्या नोंदी वाचून दाखवू नयेत. मुख्याध्यापकांनी दाखल झाल्याचे वर्ष आणि फार तर नाव एवढेच सांगावे. ती मुलगी आज हयात असेल, गावातच कोणाची आजी असेल, तर ३ जानेवारीला तिला पाहुणी म्हणून बोलवावे. तिने आपल्या शाळेतील पहिल्या दिवसाविषयी चार वाक्ये सांगितली, तर त्या दिवशी बाहेरचा वक्ता आणण्याची गरज उरत नाही. असेच एक रजिस्टर साताऱ्यातही आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाच्या मुलाने प्रवेश घेतल्याची नोंद त्यात आहे, आणि त्यावरूनच महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याही नावाची अशीच नोंद इथल्या कपाटात आहे हे ऐकून मुले चकित होतात.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे आठवण ठेवण्याकडे वळू. इथे मुलांना शिकवायचे आहे ते इतकेच की, प्रत्येक स्मारक कोणीतरी, कधीतरी, ठरवून केलेले असते. सावित्रीबाई गेल्या १८९७ मध्ये. पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले २०१४ मध्ये. भिडे वाड्याची मोडकळीला आलेली जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी महापालिकेच्या ताब्यात आली तीच २०२३ मध्ये, दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर. म्हणजे ज्या घरात शाळा भरली ते घर पावणेदोनशे वर्षे साध्या घरासारखे, दुकानांसारखे वापरले गेले. चौथीच्या मुलांना यावर विचारता येते की, इतका उशीर का झाला असेल? उत्तरे बरोबर येतील असे नाही, पण आठवण आपोआप राहत नाही हे त्यांच्या लक्षात येते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: त्यांना पुतळा आणि माणूस वेगळे वाटत नाहीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या आठवड्यात महाराजांना लागले का, असे विचारणारी लहान मुले अनेक शिक्षकांना भेटली असतील. दूरदर्शनवर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसत होती आणि घरात मोठी माणसे संतापाने बोलत होती. अशा वेळी राजकारणात न शिरता मुलांना सांगता येते की पुतळा हा धातूचा असतो, तो माणसांनी घडवलेला असतो, चांगला घडवला तर टिकतो, नाही तर पडतो, आणि पडला तर पुन्हा उभा करतात, तसा तो तिथे २०२५ मध्ये उभा राहिलाही. महाराजांनी केलेले काम मात्र पुतळ्यात नव्हते, त्यामुळे ते पडलेले नाही. मालवणच्याच समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. तो महाराजांनी स्वतः बांधवला, १६६४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, आणि तिथे राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि महाराजांचे म्हणून जपलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत. नवा पुतळा, जुने मंदिर आणि ठसे अशा आठवणीच्या तीन रीती एकाच गावाच्या परिसरात सापडतात, हे सहलीला जाणाऱ्या शाळांनी लक्षात ठेवावे.

सहलीला जाणे शक्य नसेल तर गावच्या वेशीकडे किंवा जुन्या महादेवाच्या देवळाकडे जावे. महाराष्ट्रात अशा ठिकाणी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरून उभे केलेले दगड, पुष्कळ आढळतात, आणि बहुतेक गावांत त्यांना शेंदूर फासून कोणत्या तरी देवाचे नाव दिलेले असते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो, कधी बाजूला गाई असतात, म्हणजे गुरे राखताना किंवा सोडवताना तो मेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहो. चित्रकथा वाचावी तसे दुसरीचे मूल हे सगळे स्वतः वाचू शकते. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा माणसाची आठवण गावाने कित्येक शतके दगडात जपली आहे, हे पाहिल्यावर "आपल्या गावात असा कोण होता, ज्याची आठवण ठेवावी?" हा प्रश्न मुलांना विचारावा. विहीर खोदणारे, पुरात माणसे वाचवणारे, बाळंतपणे करणारी सुईण, अशी नावे मुले घरून विचारून आणतात. त्यांच्यासाठी काय करावे हेही मुलांनीच सुचवावे. माझा अनुभव असा की पुतळा सुचवणारी मुले कमी असतात, झाड आणि बाकडे सुचवणारी जास्त.

यापुढचा भाग अवघड आहे आणि प्रशिक्षणात त्यावर सहसा कोणी बोलत नाही. आपल्या गावांत महापुरुषांची वाटणी झालेली आहे. वस्त्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, झेंडे वेगळे, आणि शाळेत येणारे मूल "आमचे" आणि "तुमचे" हे शब्द घरूनच शिकून येते. आपण शिक्षक त्यात नकळत भर घालतो: १४ एप्रिलचे भाषण बौद्ध वस्तीतील मुलाला, अण्णाभाऊंचे मातंग समाजातील मुलाला, शिवजयंतीचा फेटा आणखी कोणाला. हे बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याच्या घरी त्या व्यक्तीचा फोटो नाही अशा मुलाला ती गोष्ट सांगायची संधी आधी द्यावी. बाबासाहेबांच्या बालपणातील पाण्याचा प्रसंग, म्हणजे शाळेत शिपाई असेल तरच वरून पाणी मिळायचे आणि नसेल तर तहानेलेच राहावे लागायचे, हा मुलांना सांगावाच, कारण तहान प्रत्येक मुलाला कळते. पण वर्गातील कोणत्याही मुलाला तहानलेला भिवा म्हणून उभे करू नये आणि सांगताना कोणाकडे पाहून बोलू नये. "त्या लोकांना पाणी देत नसत" असे वाक्य केले की वर्गातील काही मुलांचे डोळे खाली जातात. "काही माणसांनी असा नियम केला होता की या मुलाने माठाला हात लावायचा नाही" असे म्हटले की नियम करणारी माणसे समोर येतात आणि तो नियम चुकीचा होता हे पुढे सहज सांगता येते. महाडच्या चवदार तळ्याची हकिकत, २० मार्च १९२७ ची, त्याला जोडून चौथीत घ्यावी.

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाऊन आलेली मुले वर्गात असतील, तर त्यांना तिथले वर्णन करू द्यावे. लांब रांग, पांढरे कपडे, मेणबत्त्या, आणि रस्त्याच्या कडेला मांडलेली पुस्तकांची दुकाने. ज्यांना हे घरून ठाऊक नसते ती मुले पुस्तकांचे ऐकून हटकून विचारतात की तिथे पुस्तके कशाला? ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तके वाचली त्याची आठवण म्हणून लोक पुस्तक घेऊन घरी जातात, हे उत्तर बहुतेक वेळा एखादे मूलच देते. आठवण ठेवण्याची रीत आणि त्या माणसाचे काम यांचा मेळ असा बसलेला दिसला की तो मुद्दाम दाखवावा. गाडगेबाबांच्या दिवशी झाडू हातात घेणे याच जातीचे आहे. फक्त त्या दिवशी झाडू कोणाच्या हाती जातो याकडे लक्ष ठेवावे. एरवीही वर्ग झाडणाऱ्या त्याच चार मुलींना पुन्हा अंगण झाडायला लावले, तर बाबांचा दिवस साजरा झाला असे म्हणवत नाही.

शिवरायांचा विषय चौथीत बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात सविस्तर येतो, परंतु मुले त्याआधीच नाटुकल्यांतून आणि पोवाड्यांतून तो ऐकून असतात, आणि त्यात सर्वांत आवडता प्रसंग प्रतापगडचा. तो टाळण्याचे कारण नाही. मात्र सांगताना अफजलखान हा विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता असेच म्हणावे, त्याची ओळख धर्मावरून करून देऊ नये. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, आणि खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आजही आहे. वर्गात एखादा मुसलमान मुलगा असेल तर मधल्यासुट्टीत त्याला खान करून त्याच्याशी लढाई खेळली जाते. हे होण्याआधी शिक्षकाने गोष्ट नीट सांगितलेली असणे हाच त्यावरचा उपाय. दोन शिवजयंत्या का, हा प्रश्नही चौथीत येतो. शासन १९ फेब्रुवारी ही तारीख पाळते, तर अनेक जण फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी पाळतात. मुलांना स्वतःच्या वाढदिवसाची तिथी दिनदर्शिकेत शोधायला लावली, की दरवर्षी ती वेगळ्या तारखेला येते हे त्यांनाच दिसते आणि कोण खरे या वादात पडावे लागत नाही.

भाषणांविषयी आपण विशेष विचारले आहे. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" इथपर्यंतचे भाषण घरी पालकांनी मोबाइलवरून उतरवून दिलेले असते, आणि त्यात मुलाचे म्हणावे असे काहीच नसते. भाषणे एकदम बंद करू नयेत. पालकांना ती हवी असतात आणि माइकसमोर उभे राहण्याची सवयही वाईट नाही. पहिली-दुसरीसाठी मात्र भाषण दोन वाक्यांचे ठेवावे: त्या व्यक्तीने केलेली एक गोष्ट आणि मुलाला तिला विचारावासा वाटणारा एक प्रश्न. "टिळकांनी केसरी नावाचे वर्तमानपत्र काढले. मला त्यांना विचारायचे आहे की तुरुंगात तुम्हाला वही मिळत होती का?" असे भाषण ऐकताना मोठी माणसेही मान वर करतात. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक १ ऑगस्टला होतेच. ती "असे सांगतात" म्हणून सांगावी, कारण थोर माणसांच्या बालपणीच्या गोष्टी पुष्कळदा नंतर रंगवलेल्या असतात, आणि सांगीवांगीची गोष्ट व नोंद असलेली गोष्ट यांत फरक असतो हे तिसरीपासून मुलांच्या कानावर पडलेले बरे. त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे यांची जयंती असते. बहुतेक शाळांत दोन प्रतिमा शेजारी ठेवून एकाच कार्यक्रमात दोन्ही उरकले जाते. पण १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी मुंबईत टिळक गेले आणि सांगली जिल्ह्यातील वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले, ही गोष्ट सुतळीवर दाखवण्यासारखी आहे: जिथे एक चित्र संपते तिथेच दुसरे सुरू होते.

वेशभूषेला माझा विरोध नाही, पण नऊवारी नेसून, कपाळावर आडवे कुंकू लावून तासभर खुर्चीवर बसलेल्या मुलीला सावित्रीबाईंपेक्षा निसटणाऱ्या निऱ्यांचीच काळजी अधिक असते. तिला खरोखर सावित्रीबाई करायचे असेल, तर तिच्या हाती खडू द्यावा आणि पहिलीच्या मुलांना एक अक्षर शिकवायला सांगावे.

कार्यक्रमाला सरपंच आणि शालेय व्यवस्थापन समितीचे सदस्य येतात, त्यांची भाषणे लांबतात आणि मुले उन्हात चुळबुळत बसतात, ही आपली तक्रार रास्त आहे. त्यांना टाळता येत नाही, पण त्यांना वेगळे काम देता येते. चौथीच्या मुलांनी त्यांची मुलाखत घ्यावी: चौकाला हे नाव कधी दिले, कोणी सुचवले, तेव्हा दुसरे कोणते नाव पुढे आले होते, पुतळ्यासाठी वर्गणी कशी जमली? गावच्या पुढाऱ्याला याची उत्तरे आपल्यापेक्षा चांगली माहीत असतात, तो आनंदाने सांगतो, आणि स्मारक कसे घडते याचा पाठ आपोआप होतो. एखाद्या गावात याच नावावरून भांडण झालेले असेल, तर मुख्याध्यापकांशी आधी बोलून तो प्रश्न वगळावा.

वर्षातील सगळ्या जयंत्यांना एवढा वेळ देणे शक्य नाही आणि तसे करूही नये. शासनाच्या यादीतील दिवस परिपाठात पाच मिनिटांत होऊ द्यावेत. दुसरीच्या वर्गासाठी वर्षात तीन किंवा चार व्यक्ती निवडून त्यांच्यावरच हे सविस्तर काम करावे. निवडताना राजा, संत, शिक्षिका, कामगार असे वेगवेगळे आयुष्य जगलेली माणसे येतील असे पाहावे. जून महिन्यात शाळा नुकतीच उघडलेली असताना येणारे शाहू महाराज मला सोयीचे वाटतात, कारण १९१७ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. आईवडिलांना दंड ही कल्पना मुलांना फार आवडते.

मुलांना कळले की नाही हे पाहण्यासाठी लगेच प्रश्न विचारू नयेत. ३ जानेवारीनंतर साधारण दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीबाईंची पुण्यतिथी येते. त्या दिवशी आपण काहीही न सांगता मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात: त्यांनी काय केले, ते अवघड का होते, आणि त्यांची आठवण कोण कशी ठेवते. "त्यांनी महान कार्य केले" असे उत्तर आले, तर ते बॅनरवरचे आहे असे समजून पुढच्या वर्षी गोष्ट वेगळ्या रीतीने सांगावी. "मुलींना दाराबाहेर ठेवायचे, म्हणून त्यांनी शाळा काढली, लोक त्रास द्यायचे तरी त्या जायच्या, पुण्यातल्या मोठ्या कॉलेजला त्यांचे नाव दिले आहे" असे आले, तर पुरेसे आहे. विद्यापीठ आणि कॉलेज यांतील फरक पाचवीत कळेल.